गोदीतला टॉमी आणि लालबागचा बेंजो

रॉक म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा इंग्रजी गोंगाट, असं आमच्या नात्यागोत्यातल्या बहुतेकांचं ठाम मत आहे. मागे मी इथे जुन्या नाट्यपदांवर लिहिलं होतं, तेव्हा एका वाचकमित्रांनी कळवलं, "बाई, तो रॉकचा धांगडधिंगा कुठे आणि आपलं हे संगीत कुठे!" फरक आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्या वाक्यातला 'आपलं' हा शब्द मला तेव्हापासून टोचतोय. कुठलं संगीत आपलं आणि कुठलं परकं, हे ठरवतं कोण? आणि कशावरून? आज त्यावरच लिहायचं आहे, तेही एका रॉक अल्बमच्या निमित्ताने. पंचाहत्तरीची, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर 'संदर्भासहित स्पष्टीकरण' शिकवलेली बाई रॉकवर लिहिते म्हणून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसून घ्यावं. मग पुढे वाचावं.

अल्बमचं नाव 'स्लिपरी व्हेन वेट'. बॉन जोव्ही नावाच्या अमेरिकन बँडचा, १९८६ सालचा. नावाचा अर्थ, ओलं झालं की घसरतं. रस्त्यावर सावधगिरीची पाटी असते ना, तसं. मला तर ते नाव ऐकून आमच्या चाळीतल्या मोऱ्याच आठवल्या! एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीच्या वर प्रती खपल्या. हा जो काळ होता त्याला 'ग्लॅम मेटल'चा काळ म्हणतात. म्हणजे पुरुषांनी केस खांद्याखाली वाढवायचे, फुगवायचे, तंग चमकदार कपडे घालायचे, डोळ्यांत काजळ घालायचं आणि मग गिटार घेऊन उभं राहायचं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा निम्मा राग त्या केसांवरच होता. मला मात्र त्याचं कधी फारसं वाटलं नाही. ज्या गिरगावाने शालू नेसलेल्या नारायणराव राजहंसांना डोक्यावर घेतलं, 'बालगंधर्व' म्हणून जीव ओवाळून टाकला, त्या गिरगावाने पुरुषाच्या काजळाला नाकं मुरडावीत हे काही पटत नाही. आणि त्या गायकाचे, जॉन बॉन जोव्हीचे, वडील व्यवसायाने केशकर्तनकार होते म्हणे. मग घरच्याच कारागिरीची थोडी जाहिरात झाली तर बिघडलं कुठे?

या प्रकारच्या संगीताला जाणकार 'मेलॉडिक हार्ड रॉक' म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर खाली गिटारचा खरखरीत, दातओठ खाल्ल्यासारखा आवाज, ड्रमचे दणके, पण वर चाल अशी, की एकदा ऐकून गुणगुणता यावी. आणि ध्रुवपद आलं की सगळ्यांनी मिळून उचलायचं. भजनी मंडळात दुसरं काय असतं? बुवा आळवतो आणि बाकीचे उचलतात. त्यात दर अल्बमात एखादं तरी संथ, हळवं गाणं असायचंच. ही मंडळी बाहेरून राकट दिसत पण आतून चांगलीच रडवी होती.

(जाता जाता एक सांगते. याच सुमाराचा 'हिस्टीरिया' नावाचा अल्बम आहे, १९८७ चा, डेफ लेपर्ड या इंग्लिश बँडचा. त्यांचा ड्रमवादक रिक अ‍ॅलन. १९८४ च्या ३१ डिसेंबरला मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. त्याने पायाने जास्तीचे ठोके वाजवता येतील असे ड्रम बनवून घेतले आणि त्यावर तो अख्खा अल्बम वाजवला. हे मी दहावीच्या वर्गात सांगितलं होतं. मागच्या बाकावरची मुलं त्या दिवसापासून माझ्या तासाला गप्प बसू लागली!)

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझं माहेर लालबागचं. वडील कोकणातून आलेले, गिरणीत साचेखात्यात लागले. भाऊही त्याच गिरणीत चिकटला. मी शिकले, गिरगावात दिल्या घरी आले आणि गिरगावातल्याच एका मराठी शाळेत नोकरीला लागले. भावाचा मुलगा १९८७ साली सोळा वर्षांचा होता, नुकता कॉलेजात जायला लागलेला. दर रविवारी तो लालबागहून माझ्याकडे यायचा. आत्यावरचं प्रेम हे एक कारण आणि आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता हे दुसरं. पहिलं मोठं की दुसरं, ते मी कधी विचारलं नाही.

एका रविवारी तो कोरी कॅसेट भरून घेऊन आला. कॉलेजातल्या कुणा इंग्रजी माध्यमाच्या मित्राने त्याला तो अल्बम भरून दिला होता आणि त्यातल्या एका गाण्याचे शब्द रेकॉर्डच्या पाकिटावरून वहीत उतरवूनही दिले होते. 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' हे ते गाणं. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आत्या, मला समजतंय ते नीट समजतंय का, ते तू बघ."

मी चष्मा लावला, शब्दकोश घेतला. माझं इंग्रजी आमच्या पिढीच्या मराठी माध्यमवाल्यांचं असतं तसंच, वाचताना पळणारं आणि बोलताना लंगडणारं. पण त्या गाण्याला शब्दकोश फारसा लागलाच नाही. 'डॉक' म्हणजे गोदी, हे मुंबईत जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही. 'युनियन' आणि 'स्ट्राइक' हे शब्द तर लालबागमध्ये मुलं 'आई-बाबा'च्या पाठोपाठ शिकायची. गोष्ट साधी होती. टॉमी नावाचा एक माणूस गोदीत कामाला होता. युनियनचा संप चालू आहे. हातात पैसा नाही. बायको म्हणा, प्रेयसी म्हणा, ती जीना दिवसभर एका खाणावळीत राबते आणि कमाई घरी आणते. आहे ते एकमेकांच्या आधारावर रेटायचं, असं दोघं एकमेकांना समजावतात. अडलं फक्त एका शब्दापाशी, 'हॉक'. तो पाहिला. गहाण. टॉमीने आपली गिटार गहाण टाकलेली आहे.

भाचा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपली तांब्याची घागर गेली तशी?"

ज्यांना मुंबईचा तो काळ ठाऊक नाही, विशेषतः आमची अमेरिकेतली पुतवंडं, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. वर्ष उलटलं तरी तो मिटला नाही. संप मागे घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही, तो आपला विरत गेला. कित्येक गिरण्यांचे भोंगे परत वाजलेच नाहीत. माझ्या भावाची नोकरी त्यातच गेली. तेव्हा भाचा अकरा वर्षांचा होता. घरातली एकेक वस्तू बाहेर कशी जाते, ते त्याने पाहिलं होतं.

आणि जीनाचं म्हणाल, तर गिरणगाव जीनांनी भरलेलं होतं. गावाहून एकटे आलेले कामगार गाळ्यांत दाटीवाटीने राहायचे आणि त्यांना दोन वेळचं जेवण घालायच्या त्या खाणावळवाल्या बाया. याच बायांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. माझी वहिनी सात-आठ माणसांना जेवू घालायची. संप झाला आणि तिचे जेवणारे गावी निघून गेले, काहींची उधारी तशीच राहिली. म्हणजे नवऱ्याचा पगार गेला आणि बायकोचाही धंदा गेला. टॉमीच्या घरी निदान जीनाचा पगार तरी चालू होता! पुढे वहिनीने ऑफिसच्या लोकांचे डबे करून घर ओढलं. पहाटे चारला तिचा स्टोव्ह पेटायचा.

तर अशा घरातल्या मुलाने ते गाणं माझ्यापुढे ठेवलं होतं. त्याला कुणी सांगितलं असतं, की हे श्रीमंतांच्या पोरांचं गाणं आहे, तर तो काय म्हणाला असता?

संपावरची गाणी आपल्याकडे नव्हती का, असं कुणी विचारेल. होती, आणि काय ताकदीची होती! अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने १९४४ पासून सगळा गिरणगाव दणाणून सोडला होता. आमच्या वडिलांना त्यातलं कितीतरी तोंडपाठ होतं. पण एक फरक मला तेव्हाच जाणवला होता, तो सांगते. शाहिराचं गाणं मैदानातलं असतं. त्यात 'आम्ही' असतो, मूठ वळलेली असते. मोर्चा संपतो, माणूस जिना चढून खोलीत येतो, दार लोटून घेतो, आणि नवरा-बायको एकमेकांशी काय बोलतात, ते शाहिरीत फारसं येत नाही. ते तिचं कामही नाही. हे अमेरिकन गाणं नेमकं त्या लोटलेल्या दाराच्या आत घडतं. माझ्या भावाच्या खोलीत त्या वर्षी काय बोलणं होत असेल, याचा विचार मला हे गाणं ऐकताना आला. पोवाडे ऐकताना आला नव्हता. यात पोवाड्याला कमीपणा नाही. दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही हवीत.

बरं, हे सगळं शब्दांचं झालं. चालीचं काय? ती परकीच ना? त्याचीही गंमत ऐका.

आमचा भाचा लालबागच्या एका बेंजो पथकात वाजवायचा. ज्यांनी विसर्जनाची मिरवणूक पाहिलीय त्यांना बेंजो माहीत आहे. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, वर कर्णा लावला की आवाज दुसऱ्या नाक्यापर्यंत. लालबाग-परळचं याहून 'आपलं' वाद्य सांगा पाहू! तर हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंग आला जपानच्या 'ताइशोगोतो'वरून. ते १९१२ साली नागोया शहरात निघालं. नाव मात्र आपण त्याला दिलं अमेरिकेतल्या एका वेगळ्याच वाद्याचं. म्हणजे जपानी अंग, अमेरिकन नाव आणि लालबागचा गुलाल. पेटीची कथाही काही वेगळी नाही. जिच्यावाचून नाट्यपद आणि भजन दोन्ही अडतं, ती विलायती म्हणून आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं बंद होती. आज पेटीला परकी म्हणा बरं आमच्या कुठल्याही बुवांसमोर!

भाच्याने त्या टॉमीच्या गाण्याची चाल बेंजोवर बसवली. गाण्याच्या शेवटी एक जागा आहे. ध्रुवपद दोनदा-तीनदा येऊन गेल्यावर सगळं गाणं एकदम वरच्या पट्टीत उडी मारतं. ऐकताना छातीत काहीतरी वर उचलल्यासारखं होतं. बेंजोवर त्यासाठी हात तीन घरं पुढे न्यायचा, तोही मध्ये न थांबता. आठवडाभर त्याने तेवढंच घोटलं. १९८८ च्या विसर्जनाला त्याच्या पथकाने ती चाल वाजवली. पट्टी चढली तसे नाचणारे हात वर करून ओरडले. कुणाला वाटलं नव्या हिंदी सिनेमातलं आहे, कुणाला वाटलं कोळीगीत आहे. अमेरिकन आहे, हे कुणी विचारलंही नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

त्याच १९८८ साली मुंबईतल्याच एका बँडचा स्वतःचा अल्बम निघाला. बँडचं नाव रॉक मशीन आणि अल्बम 'रॉक अँड रोल रेनिगेड'. रेनिगेड म्हणजे बंडखोर. १९८४ मध्ये ही मुलं एकत्र आली. सुरुवातीला इतर बँडांसारखी तीही परदेशी गाणी वाजवायची, मग स्वतः गाणी रचू लागली. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. भाच्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी बातमी तीच होती. "आत्या, तिनईकर! तिनईकर आडनावाचा माणूस असली गिटार वाजवतो!" आडनावाचा केवढा तो आधार! तोवर हे असलं सगळं जॉन आणि रिची नावाची माणसंच करतात, अशी त्याची समजूत होती.

जाणकारांनी तेव्हा त्यांना नकलाकार म्हटलं. चाली अमेरिकन वळणाच्या, गाणी इंग्रजी, केससुद्धा तसेच. मी शिक्षिका आहे, माझं मत वेगळं आहे. बालवर्गात आपण मुलाला पाटीवर 'ग' काढून देतो आणि म्हणतो, गिरव. ते मूल नक्कल करत नसतं, हात तयार करत असतं. गिरवण्यात पाच-सहा वर्षं गेली तर बिघडलं नाही, पुढे स्वतःचं अक्षर आलं म्हणजे झालं. या मुलांना ते येत होतं. 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्याला १९९३ साली एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपलं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. यंत्राचं नाव सोडून सिंधू नदीचं नाव घेतलं. हा बदल मला बोलका वाटतो.

एक उणीव मात्र स्पष्ट लिहिते. 'रेनिगेड' मी दोन-तीनदा नीट ऐकला. बंडखोरी आहे, जोश आहे, वादनात तर कुठेच कमी नाही. पण ज्या शहरात सहा वर्षांपूर्वी अडीच लाख माणसं रस्त्यावर आली होती, ते शहर निदान माझ्या कानाला त्यात कुठे सापडलं नाही. न्यू जर्सीच्या बँडला गोदीतला टॉमी दिसला आणि मुंबईच्या बँडला साचेखात्यातला तुकाराम दिसला नाही. दोष त्या मुलांचा असं मी म्हणत नाही. ती मुलं आणि लालबागची मुलं एकाच शहरात राहून एकमेकांना भेटतच नव्हती. भेटायची एकच जागा होती. ती म्हणजे रंगभवन.

धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारी सरकारी मालकीचं उघडं नाट्यगृह. आमच्या घरातून निघालं, जगन्नाथ शंकरशेट रस्ता धरला, की चालत पंधरा-वीस मिनिटं. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा तिथली. सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा त्या वर्षी मुंबईत वाजवून गेला. मराठी कार्यक्रमही तिथे व्हायचे. आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा उत्सव सुरू झाला. एरवी गिटारवाली मंडळी पंचतारांकित हॉटेलात नाहीतर जिमखान्यांत वाजवणार, तिथे लालबागच्या पोराला फाटकातून आत कोण सोडतो? रंगभवनात तिकीट काढलं की बाकड्यावर कुणीही बसावं. भाच्याने रॉक मशीन तिथेच ऐकलं. एकदा मीही त्याच्याबरोबर गेले. काळ्या बनियनांच्या समुद्रात मी एकटी नऊवारी... छे, तेवढी अतिशयोक्ती नको, पाचवारीच होती! माझ्या शेजारच्या लांब केसांच्या मुलाने "आंटी, कानात कापूस घाला" म्हणून कापूस काढून दिला. इतका सभ्य प्रेक्षक मी शिवाजी मंदिरातही क्वचित पाहिलाय.

ते रंगभवन बंद झालं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्या शंभर मीटरांत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि जी.टी. रुग्णालय. पुढच्या काही वर्षांत तिथले कार्यक्रम थांबले. आता रंगभवन हे नाव बहुतेकांना आठवतं ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे, त्याच्याच गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर शहीद झाले म्हणून.

शांतता क्षेत्राला माझा विरोध नाही. आजारी माणसाला झोप हवी, हे माझ्या वयात तर फारच पटतं. तक्रार आहे ती दुसरीच. त्याच नियमांत सणासुदीसाठी सोय केलेली आहे, वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. म्हणजे आवाजाला जागा द्यायची की नाही, हा प्रश्न आपण सोडवू शकतो, मनात असलं तर. रंगभवनाच्या बाबतीत ते कुणाच्या मनात आलं नाही. एक जागा बंद झाली, तर तेवढ्याच तिकिटात तिथल्यासारखी दुसरी कुठे काढायची, हे कुणी विचारलं नाही. कारण ते 'आपलं' नव्हतं ना! आणि गंमत म्हणजे १९९६ मध्ये शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी मायकल जॅक्सन अंधेरीत नाचला, तेव्हा आपलं-परकं हा वाद कुठल्या कुठे गेला होता. त्याआधी, १९९५ साली, खुद्द बॉन जोव्हीही मुंबईत गाऊन गेले. भाच्याला तेव्हा जाता आलं नाही. त्याच आठवड्यात त्याची नोकरीवरची रात्रपाळी होती.

मग हे संगीत गेलं कुठे? ते गेलं गिरण्यांत! थट्टा नाही. २००६ मध्ये वरळीला बॉम्बे डाइंगच्या आवारात हार्ड रॉक कॅफे निघाला. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झाला, तो २०१६ पर्यंत चालला. रॉक मशीनची मंडळीही १९९७ ला पांगली होती, ती २०१० मध्ये परत एकत्र आली आणि २०१२ ला त्यांनी 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम काढला. तर ज्या आवारांत साचे खडखडायचे, तिथे गिटार वाजू लागली. गिरणगावच्या पोराला संगीत ऐकायला धोबीतलावापर्यंतही जायला नको, खालीच उतरलं की झालं. पण अशा जागांच्या दाराशी प्रवेशाचे पैसे वेगळे, आत पाण्याचेही वेगळे, आणि पायात चप्पल असली तर दरवान वरपासून खालपर्यंत बघणार. माझा भाचा एकदा अशाच एका ठिकाणापर्यंत गेला आणि दारावरचा दर वाचून परत आला. त्याचा बाप तीन पाळ्यांत ज्या फाटकातून आत जायचा, त्यापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर होतं. मला सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही.

म्हणून मी म्हणते, ते गाणं परकं नव्हतं. परकी झाली ती जागा. भाषेची अडचण आम्ही आत्या-भाच्याने एका रविवारी शब्दकोश घेऊन सोडवली. तिकिटाची अडचण शब्दकोशाने सुटत नाही.

आता एक कुतूहलाची गोष्ट. रंगभवनाच्या त्या जागेवर मराठी भाषा भवन उभारायचा विचार मधली काही वर्षं चालला होता. पुढे ते बारगळलं आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला चर्नी रोडला, जवाहर बालभवनाजवळ, भाषा भवनाची पायाभरणी झाली. मराठीची शिक्षिका म्हणून मला आनंदच आहे. त्यात ग्रंथालय असावं, कोशांचं दालन असावं, व्याख्यानांचं सभागृह असावं. पण माझी आणखी एक मागणी आहे, आणि ती मी या आधी दोन सभांत उभी राहून केली आहे. (दोन्ही वेळा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.) त्यात एक खोली अशी हवी जिथे मराठी मुलं वाद्यं जोडून हवा तेवढा आवाज करू शकतील. बेंजो, ढोल, गिटार, काय वाट्टेल ते. भाडं नाममात्र, प्रेक्षकांना तिकीट वडापावाच्या किमतीत. साचेखात्यातल्या तुकारामावर कुणीतरी मराठीत रॉक रचायचं अजून शिल्लकच आहे, आणि ते घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत रचून होत नाही. शेजारचे भिंत ठोकतात.

उघडा रंगमंच तिथेही चालणार नाही, हे मला कळतं. समोरच सैफी हॉस्पिटल आहे. म्हणजे खोली बंदिस्त हवी, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर हवं. मी भाच्याला विचारलं, कारण तो आता गणपती मंडळांना ध्वनियंत्रणा पुरवतो आणि त्यातलं त्याला चांगलं कळतं. तो म्हणाला, "आत्या, तळघर काढायला सांग. पण समुद्र जवळ आहे, पाणी झिरपेल. ओलं झालं की घसरायचं!"